टकल्या डोंगरावरचा मासा

ओर्फेलिनाने मुलाशी पैज लावली ती काही ठरवून लावली नव्हती. फोनवरचं भांडण होतं ते, आणि भांडणात तिच्या तोंडून काय निघेल याचा भरवसा ला ओर्तिगा या कोळ्यांच्या गावात कुणालाच नव्हता, तिला स्वतःलासुद्धा नव्हता.

नोल्बेर्तो नेहमीचंच सांगत होता. "आई, पुरे झालं आता. इथे शहरात, कोकिम्बोत, तुझ्यासाठी खोली रिकामी ठेवलीय. नळ सोडला की पाणी. त्या गुडघ्यांनी अजून किती वर्षं डबे चढवणार आहेस?"

"डबे चढवायची वेळच येणार नाही. माझ्या स्वयंपाकघरात नळ येतोय."

"कोण आणतंय? ती गोरी पोरंटोरं?"

"अठरा तारखेला ये आणि आपल्या हाताने नळ सोडून बघ."

"आणि नाही आलं पाणी तर?"

"तर टाक मला तुझ्या गाडीत, पलंगासकट!"

मग नोल्बेर्तो हळूच म्हणाला, "पलंगासकट. ठरलं." तेव्हा कुठे ओर्फेलिनाच्या लक्षात आलं की पोराने तिला शब्दात पकडलं आहे. अठरा सप्टेंबर म्हणजे देशाचा सण. त्या दिवशी दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे सगळ्या गावाच्या तोंडात राहायचं.

ला ओर्तिगाला पाणी नव्हतं हे खरंच होतं. समोर अख्खा महासागर, आणि प्यायला नगरपालिकेचा टँकर. तो आठवड्यातून एकदा यायचा, रस्त्याकडेची पिंपं भरून जायचा, आणि मग ज्याने त्याने आपापलं पाणी वर न्यायचं. ओर्फेलिनाचं घर सगळ्यांत वरचं, टकल्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. अंगणात एक लिंबाचं झाड होतं, ते वर्षानुवर्षं भांडी धुतलेल्या पाण्यावर जगत होतं. लिंबं लागायची, पण त्यांना साबणाचा वास येतो असं बाल्दोमेरो म्हणायचा आणि तरी तळलेल्या मासळीवर तीच पिळून घ्यायचा.

बाल्दोमेरो म्हणजे तिचा धाकटा दीर आणि गावातल्या कोळ्यांचा पुढारी. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रकरण गावसभेत आलं तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

"मागे एकदा आले होते असलेच, आठवतंय ना? उन्हावर भात शिजवायचं यंत्र देऊन गेले. आज त्यात माझ्या कोंबड्या अंडी घालतात!"

सभा हसली. बेल्जियमहून आलेली पोरं समोरच्या बाकावर बसली होती, त्यांना अर्धं कळलं आणि अर्धं कळलं नाही, पण कोंबड्या कळल्या. त्यांतली लीव नावाची मुलगी उठली. ती इंजिनिअरिंग शिकत होती आणि तिला गावाची भाषा चांगली येत होती. तिने सांगितलं की डोंगरमाथ्यावर दोन खांबांमध्ये बारीक विणीचं जाळं ताणून बांधायचं. समुद्रावरून धुकं येतं ते त्यातून जाईल, थेंब धाग्यांना चिकटतील, ओघळून खालच्या पन्हाळीत पडतील, पन्हाळीतून टाकीत आणि टाकीतून नळाने घरात.

"धुक्याची मासेमारी!" मागून कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा पिकला.

तेव्हा ओर्फेलिना उभी राहिली. ही पोरं शाळेत झोपायची आणि जेवायची मात्र तिच्याकडे, आणि जेवण झाल्यावर आपापली ताटं घासायची, तीही पाणी जपून. तिच्या मते माणूस ओळखायला एवढं पुरे होतं. "चढू द्या त्यांना डोंगरावर," ती म्हणाली. "काही वाकडं झालं तर मला विचारा. पाणी आलं तर पहिला नळ माझ्या घरात, कारण पाण्याच्या वाटेत पहिलं घर माझंच आहे. आणि नाही आलं तर जाते मी मुलाकडे. त्याला मी तसा शब्दच दिलाय."

सभेतला हशा तिथेच थांबला. बाल्दोमेरो तोंड उघडून तिच्याकडे बघत राहिला. सेनोविओ, म्हणजे त्याचा मोठा भाऊ आणि तिचा नवरा, गेल्यापासून वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर तो रोज संध्याकाळी चहा-पाव खायला बसत आला होता. ती खुर्ची कुठे जाईल हा विचार त्याला तेव्हाच पहिल्यांदा सुचला असावा. त्याने पोरांना चढू देण्याच्या बाजूने हात वर केला.

पुढचे दिवस काय गडबडीचे गेले म्हणता! खांब चढले, टाकी चढली, पाण्याच्या नळीचं वेटोळं अख्ख्या गावाने खांद्यावर घेऊन वर नेलं. आणि जाळं ताणायची वेळ आली तेव्हा योरिस आडवा आला. हा योरिस दिसायला दरवाजाएवढा आणि शिकत होता चित्रकला. उन्हाने त्याचं नाक सोलवटून निघालं होतं, पण उत्साह काही सोलवटत नव्हता. त्याची भाषा मोडकी होती, पण ती मोडकी आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

"काळा जाळा! कुरूप!" तो हात पसरून म्हणाला. "तुम्ही सकाळी उठणार, काळा बघणार. संध्याकाळी काळा बघणार. मरणार, तरी काळा! मला दे रंग. प्रत्येक घर, प्रत्येक बोट, एक रंग!"

त्याच्या डोक्यात होतं ते असं: जाळ्यामध्ये रंगीत दोरे ओवून चित्र काढायचं, एवढं मोठं की भर समुद्रातून दिसावं. प्रत्येक घराने आपल्या बोटीच्या रंगाचा दोरा द्यायचा. चित्र माशाचं असावं यावर एकमत झालं आणि तिथेच एकमत संपलं. कुठला मासा? तोंड कुणीकडे? दोन दिवस गाव त्यावर भांडत होतं. शेवटी बाल्दोमेरोने टेबलावर मूठ आपटली. "तोंड गावाकडे! समुद्राकडे केलं तर मासा पळतोय असं दिसेल. आपल्याला घरी येणारा मासा पाहिजे." यावर कुणाला बोलायला जागाच राहिली नाही.

बायका-पोरं सगळी शाळेच्या मैदानात बसून ओवायला लागली. हिरवा आला, तांबडा आला, म्हाताऱ्या रेमिखिओच्या बोटीचा कधीच नीट न वाळलेला जांभळा आला. डोळा तेवढा राहिला होता.

ओर्फेलिना घरी गेली, पलंगाखालची पेटी ओढली आणि पिवळ्या दोरीचं एक भेंडोळं घेऊन आली. सेनोविओच्या बोटीवरची दोरी होती ती. बोट पिवळीजर्द, अंड्याच्या बलकासारखी. दोन कोसांवरून ओळखू यायची. सेनोविओ गेला आणि वर्षाच्या आत नोल्बेर्तोने ती बोट विकली, कोकिम्बोला निघून गेला, आणि घेणाऱ्याने तिला निळा रंग फासला. त्यावर मायलेकांत कधी एका शब्दानेही बोलणं झालं नव्हतं. इतर सगळ्यावर भांडायची ती त्याच्याशी, पण बोटीवर नाही.

योरिसने दोरी हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि ती तिच्याच हातात परत ठेवली. माशाचा डोळा तिने स्वतः ओवला.

जाळं चढलं त्या दिवशी बोटींवरची माणसं समुद्रातून शिट्ट्या मारत होती. पाण्यावरून टकल्याकडे बघावं तर डोक्यावर हा भलाथोरला मासा, आणि त्याचा पिवळा डोळा उन्हात लकाकतोय. लीवने जाळ्याला कप्प्या लावल्या होत्या, म्हणजे दुरुस्तीला ते शीड उतरवावं तसं खाली घेता येईल. एरवी नाक मुरडणारा बाल्दोमेरो त्या कप्प्या मात्र पुन्हा पुन्हा ओढून बघत होता. ओर्फेलिनाने त्याला बाजूला घेतलं.

"भावजी, पोरं परकी आहेत, त्यांना जाळ्यातलं काय कळणार. तुम्ही लक्ष ठेवा. अगदी आपल्या जाळ्यासारखं सांभाळा. याला काही झालं तर मी चालले कोकिम्बोला."

बाल्दोमेरोने छातीवर हात ठेवला. "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा."

आणि ती खरोखरच निर्धास्त झाली. बाल्दोमेरोने शब्द दिला की तो पाळायचा, तेवढ्यासाठी तरी त्याला मानायला हवं.

संध्याकाळी समुद्रावरून धुकं उठलं आणि डोंगरावर चढलं. सकाळी सगळी पोरं धावत वर गेली. टाकीच्या तळाला पाणी होतं ते कपबशी बुडेल एवढं.

"पहिलाच दिवस आहे," लीव म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पन्हाळीचा उतार वाढवला. त्याच्या पुढच्या दिवशी जाळं आणखी ताणलं. रोज संध्याकाळी धुकं दाट यायचं, रोज सकाळी टाकी रिकामी. पोरगी जेवेनाशी झाली. ताटातला बटाटा काट्याने इकडून तिकडे ढकलत बसायची.

"मावशी, मला कळतच नाहीये! शाळेबाहेर उभं राहिलं तरी माझ्या चष्म्यावरून पाणी गळतं. आणि सकाळी वर जावं तर जाळं कोरडं ठणठणीत. धुक्यात अख्खी रात्र राहिलेलं जाळं कोरडं कसं असेल?"

"रात्री एकदा वर जाऊन बघितलं तर?"

"बाल्दोमेरोकाकांनी बंदी घातलीय. धुक्यात कडा दिसत नाही, परक्याने जायचं नाही म्हणतात."

ते बरोबरच होतं. त्या कड्याने माणसं नेली होती. त्यामुळे ओर्फेलिनाने तो विषय वाढवला नाही.

सण दोन-तीन दिवसांवर आला. मैदानात निलगिरीच्या फांद्यांचा मांडव पडला, पोरांचे पतंग आकाशात एकमेकांना कापायला लागले, घराघरांत मांसाच्या करंज्यांचं सारण शिजायला लागलं. ओर्फेलिना करंज्या मिटत होती आणि मनात घर आवरत होती: हा तवा न्यायचा, ही चूल ठेवायची. लिंबाचं काय करायचं? झाड तर पलंगासारखं गाडीत घालता येत नाही. नोल्बेर्तोचा फोन आला होता. तो सतरा तारखेलाच संध्याकाळी येणार होता, मोठी गाडी घेऊन. आवाजात एवढा आनंद होता की तिला त्याचा रागही धड करता येईना.

सतरा तारखेला दुपारी लीव आणि योरिसचं कडाक्याचं वाजलं, तेही ओर्फेलिनाच्या जेवणाच्या टेबलावर. त्यांच्या भाषेत सुरू झालेलं भांडण मध्येच गावाच्या भाषेत आलं, बहुधा साक्षीदार हवा होता म्हणून.

"चित्र अडतंय!" लीव म्हणाली. "दोऱ्यांनी जाळ्याची भोकं बुजलीत. हवा आतून जातच नाही, मग थेंब धरणार कसे? दुसरं काही कारण उरलेलंच नाही. उद्या पहाटे चित्र उसवायचं."

"उसवायचं?" योरिस उभा राहिला तशी खुर्ची मागे पडली. "तू मासा मारणार? गावाचा मासा?"

"माशाला घेऊन काय करू? मावशीला उद्या घर सोडावं लागणार आहे!"

त्यावर योरिस मटकन खाली बसला, नेमका खुर्ची नव्हती तिथे. एरवी सगळे पोट धरून हसले असते. त्याने जमिनीवरूनच ओर्फेलिनाकडे पाहिलं. "मावशी, तू सांग. तू म्हणशील तर मी कापतो. मी स्वतः."

ओर्फेलिनाने एप्रनला हात पुसले. "कापा," ती म्हणाली. "माणसाला चित्र पिता येत नाही."

ऊन उतरायला लागलं तशी ती काठी घेऊन निघाली. कुणाला सांगितलं नाही. तो डोळा एकदा जवळून बघायचा होता, एवढंच. गुडघ्यांनी वाटेत खूप कुरकुर केली, तिने त्यांना मोठ्याने शिव्या दिल्या आणि चालत राहिली. खाली समुद्रावर धुक्याची पांढरी कड उठलेली दिसत होती. माथ्याजवळ पोचली तेव्हा तिला माणसांचे आवाज आले आणि पाठोपाठ कप्पीचा आवाज, कर्र कर्र.

ती शेवटचा चढ चढून गेली आणि जागीच थांबली.

बाल्दोमेरो, रेमिखिओ आणि आणखी दोन म्हातारे कोळी जाळं खाली उतरवत होते. मासा निम्मा जमिनीवर आला होता. शेजारी ताडपत्री अंथरलेली होती, तिच्या चारी कोपऱ्यांवर दगड मांडलेले. म्हातारे जाळ्याची घडी घालत होते, एवढ्या प्रेमाने की आई झोपलेल्या मुलाला पाळण्यात ठेवते आहे असं वाटावं.

"भावजी!"

चारही म्हातारे दचकले. रेमिखिओच्या हातून दोरीच सुटली.

"वहिनी! तुम्ही इथे कशा?"

"मी कशी ते राहू द्या! तुम्ही काय करताय?"

"काय करताय म्हणजे?" बाल्दोमेरोला प्रश्नच कळला नाही. "जाळं आत घेतोय. धुकं यायला लागलंय, दिसत नाही का? भिजेल ना ते!"

ओर्फेलिनाने काठीवर दोन्ही हात ठेवले. "रोज घेता?"

"रोज म्हणजे, एक दिवस चुकवला नाही! पोरं खाली जेवायला गेली की आम्ही वर येतो. पहाटे बोटी काढायच्या आधी पुन्हा चढवून ठेवतो. कोरडं, जसंच्या तसं." तो आवाज खाली करून म्हणाला, "त्यांना बोललो नाही. परकी लेकरं आहेत. ओलं जाळं रात्रभर उघड्यावर टाकून झोपतात म्हटल्यावर काय बोलायचं? उगाच त्यांचा अपमान. सेनोविओ असता तर कान उपटले असते त्यांचे. आम्ही आपलं गुपचूप निस्तरत होतो."

"आणि पाणी? पाणी कशातून येणार होतं, भावजी?"

"दिवसा येऊ दे की पाणी! दुपारी असतं थोडं धुकं. माणूस रात्री झोपतो, जाळ्यानेही झोपावं." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज डळमळला. "तुम्हीच म्हणाला होतात. आपल्या जाळ्यासारखं सांभाळा."

म्हणाली होती. तिनेच म्हटलं होतं, आणि या चार भल्या माणसांनी धुकं धरायला बांधलेलं जाळं रोज संध्याकाळी धुक्यापासून वाचवलं होतं. ओर्फेलिनाला आधी इतका संताप आला की काठी उगारली, आणि उगारलेली काठी तशीच हवेत असताना तिला हसू फुटलं. ती एका दगडावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले.

"भावजी," शेवटी तिला बोलता आलं, "हे जाळं भिजायलाच बांधलंय हो! रात्रभर भिजायला! ओलं होईल तेच पाणी!"

बाल्दोमेरोने जाळ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, वर चढत येणाऱ्या धुक्याकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढली. त्याचा चेहरा असा झाला होता की तिला हसल्याची लाज वाटली.

"म्हणजे तुम्हाला गाडीत घालत होतो तो मीच?"

"अजून घातलं नाही. ओढा ती दोरी!"

मग काय विचारता! रेमिखिओ कड्याच्या सुरक्षित बाजूला जाऊन दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायला लागला की खालच्या बोटींवरची माणसंही वर बघायला लागली. शाळेतून पोरं धावत सुटली. लीव सगळ्यांच्या पुढे, धापा टाकत वर आली. ओर्फेलिनाने दोन वाक्यांत तिला सांगितलं. लीवने ताडपत्रीकडे पाहिलं, मग चष्मा काढला आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. रडता रडताच ती बाल्दोमेरोच्या गळ्यात पडली आणि तिने त्याच्या खरखरीत गालाचा मुका घेतला. बाल्दोमेरो ताठ उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना.

"मासा निर्दोष!" योरिस डोंगरावर गरजत होता. "मासा निर्दोष! मासा सुटला!"

सगळ्यांनी मिळून दोऱ्या ओढल्या. जाळं वर जायला लागलं, आणि त्याच वेळी धुकं माथ्यावर आलं, वाऱ्यासकट. घाईत एका बाजूची ताणदोरी बांधायची राहिली होती. जाळ्यात वारा शिरला, ते शिडासारखं फुगलं आणि ती दोरी सर्रकन सुटून जमिनीवर फटके मारायला लागली. योरिसने झेप घेतली आणि तोंडावर पडला. बाल्दोमेरो दुसऱ्या टोकाला अडकला होता.

तेवढ्यात पायवाटेवरून कुणीतरी पळत आलं, दोरीच्या शेपटावर पाय देऊन ती दाबली, हाताला एक वेढा घेतला आणि पूर्ण अंगाचा भार टाकून मागे रेललं. दोरी ताणली गेली. त्या माणसाने खुंटीला दोन वेढे दिले, खालून एक फास काढला, वरून ओढला, आणि गाठ बसली. सगळं एवढ्या झटक्यात झालं की बघणाऱ्याला कळू नये. बाल्दोमेरोला मात्र कळलं.

"सेनोविओची गाठ," तो म्हणाला.

नोल्बेर्तो उभा राहिला. शहरातले चकचकीत बूट चिखलाने भरलेले, हाताचं कातडं सोललेलं. "आई! घरात नाहीस, शेजारी नाहीस! या गुडघ्यांनी इथवर चढलीस?"

"तू काय करतोयस माहीत आहे का तुला?" ओर्फेलिना म्हणाली. "ही दोरी सुटली असती तर पैज तू जिंकला असतास."

नोल्बेर्तोने खुंटीवरच्या गाठीकडे पाहिलं. "वारा होता," तो म्हणाला. "जाळं सुटत होतं." जणू एवढ्यात सगळं आलं, आणि कोळ्याच्या पोराच्या दृष्टीने आलंच होतं. मग तो वर बघून थांबला. धुकं दाटत होतं, मासा हळूहळू पुसट होत होता, पण डोळा अजून दिसत होता. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. "हमरस्त्यावरून दिसला मला," तो म्हणाला. "गाडी थांबवली मी."

खाली उतरताना पन्हाळीतून आवाज यायला लागला होता. आधी थेंब थेंब, मग सलग. लीव मागेच थांबून कान लावून उभी होती, तिला ओढून आणावं लागलं.

अठरा तारखेला सकाळी ओर्फेलिनाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीतून डोकी आत आलेली, मांडवातले गिटारवाले गिटार घेऊनच दारात. बाल्दोमेरो आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता आणि खुर्चीच्या कडा त्याने दोन्ही हातांनी धरल्या होत्या. अंगणात नोल्बेर्तोची मोठी गाडी उभी होती, मागची जागा झाडून साफ केलेली, पलंग बांधायला दोर तयार ठेवलेले.

"सोड," ओर्फेलिना मुलाला म्हणाली. "आपल्या हाताने सोडायचं ठरलंय."

नोल्बेर्तोने नळ फिरवला. काही नाही. मग नळ खोकला. एकदा, दोनदा, एखादा म्हातारा सकाळी खोकतो तसा. लालसर गढूळ चूळ टाकली. पुन्हा हवा. लीवने योरिसचा दंड एवढा घट्ट धरला की तो ओय म्हणाला. आणि मग पाणी आलं. जाडजूड, स्वच्छ, धो धो पाणी, थेट डोंगरावरून आलेलं, आणि एवढं गार की नोल्बेर्तोने हात झटकन मागे घेतला.

जो काही गलका झाला तो सांगण्यात अर्थ नाही. गिटारं वाजायला लागली, योरिस आणि रेमिखिओ रुमाल फिरवत अंगणात एकमेकांभोवती नाचायला लागले, कुणीतरी दारूचा पेला बाल्दोमेरोच्या हातात दिला तर त्याने तो बाजूला ठेवून आधी नळाचं पाणी मागितलं. एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "धुक्यासारखं लागतंय," तो गंभीरपणे म्हणाला, आणि मग उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

ओर्फेलिनाने बादली भरली. नोल्बेर्तोने ती तिच्या हातातून घेतली आणि तिच्यामागे लिंबापाशी नेली. दोघांनी मिळून ओतली. जमिनीने ते पाणी एका दमात शोषून घेतलं.

"आणि तुझे गुडघे?" तो विचारायचं म्हणून विचारत होता.

"पाणी पायांनी चालत घरी आलंय. आता गुडघ्यांना काय काम उरलंय?"

तो हसला, पण ते हसणं पूर्ण झालं नाही. गाडीकडे बघत तो म्हणाला, "मी खोलीला रंग दिला होता. तुझ्या. गेल्या रविवारी."

"कुठला?"

तो बुटावरचा वाळलेला चिखल दुसऱ्या बुटाने खरवडत राहिला. "पिवळा," तो म्हणाला. "दुकानात तीन वेळा मिसळून घेतला. तस्साच हवा होता. मला वाटलं, बोट तर परत आणता येत नाही."

ओर्फेलिनाला ऐकू आलं ते तिने नीट ऐकलं. एवढी वर्षं तिला वाटत होतं की पोराला त्या बोटीचं काही नव्हतं म्हणून त्याने विकली, आणि पोराला वाटत होतं की आई त्यासाठी त्याला कधी माफ करणार नाही. दोघंही गप्प बसण्यात एकमेकांना हार जाणारी नव्हती. तिने ओला हात त्याच्या गालावर ठेवला.

"नोल्बे, मी येईन त्या खोलीत राहायला. नळ बंद करून येईन आणि पुन्हा परत येईन. खोली तशीच ठेव."

त्याने मान डोलावली.

"रंग उरलाय का?"

"अर्धा डबा. गाडीतच पडलाय, पुढच्या सीटखाली."

"मग उभा काय राहिलायस? वर ती टाकी उघडीबोडकी उभी आहे. योरिसकडे ब्रश आहेत." आणि मागे वळून तिने मांडवातल्या नाचाच्याही वरच्या आवाजात हाक मारली, "भावजी! चला, डोंगरावर जायचंय. आणि जाळ्याला हात लावाल तर बघा!"

नोल्बेर्तोने गाडीचं दार उघडलं, पलंग बांधायला आणलेले दोर बाजूला सारले आणि सीटखालून रंगाचा डबा बाहेर काढला.